‘मी कोण?’ हे आईला विचारू नका

सप्रेम नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं आयुष्यभर शिकवलं. ४ वर्षांपूर्वी विसरायला लागली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. आता ती माझ्याकडे डोंबिवलीला असते. गेल्या दिवाळीपासून ती मला ओळखत नाही, ‘अक्का’ म्हणते. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, तिला जाऊन २० वर्षं झाली. रोज सकाळी चहा देताना मी विचारते, ‘आई, मी कोण?’ कधी ती हसते, कधी घाबरते. भाऊ पुण्याला असतो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तोही हेच विचारतो. संध्याकाळ झाली की आई दाराशी जाऊन ‘मला घरी सोडा’ म्हणत राहते.

मामा म्हणतात, ‘आत्मा अमर आहे, हा नुसता देह, रडायचं कशाला?’ शेजारच्या काकू म्हणतात, ‘अहंकार गळाला, आता ती ब्रह्मस्थितीत आहे.’ एका नातेवाइकांनी गेल्या जन्मीच्या पापाचा विषय काढला, त्यांच्याशी मी बोलणंच सोडलं. थोडंफार मीही वाचलेलं आहे. आई म्हणजे देह नाही, हे मान्य. पण माझी आई म्हणजे तिच्या आठवणी, तिचं बोलणं, तिचा स्वभाव. ते सगळं गेलं. मग उरलं ते कोण? मी कोणाचं करते आहे? कधीकधी वाटतं, आई गेलीच. आणि मग स्वतःची लाज वाटते.

ता. क. : ती रोज जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायची. अजूनही ताट समोर आलं की ओठ हलतात. मला तो पाठ नाही.

— एक मुलगी, डोंबिवली

ताई,

त्या नातेवाइकांशी बोलणं सोडलंत, बरं केलंत. पण पापाचा तो मुद्दा त्यांच्या सुपीक डोक्यातून निघालेला नाही. तो फार मोठ्या माणसाच्या भाष्यातून खाली झिरपत तुमच्या दिवाणखान्यापर्यंत आला आहे. आणि तुमच्या आईंचे ओठ ज्या अध्यायावर हलतात, त्याच अध्यायावरचं ते भाष्य आहे. त्याकडे येतेच. आधी तुमच्या मामांकडे जाऊ.

मामा अर्धं बरोबर सांगतात, आणि त्या अर्ध्यानंच घोटाळा होतो. वेदान्तात आपल्या आतल्या यंत्रणेला अंतःकरण म्हणतात आणि तिची चार कामं सांगतात. मन संशय घेतं, बुद्धी निश्चय करते, अहंकार ‘मी, माझं’ म्हणतो आणि चित्त आठवण ठेवतं. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी तर स्मृती सरळ चित्ताच्या पाच वृत्तींत, म्हणजे व्यापारांत, घातली आहे, झोपेच्या शेजारी. म्हणजे शास्त्राच्या हिशेबात आठवण हे आत्म्याचं अंग कधीच नव्हतं. ते हत्यार आहे. डोळ्यांसारखं, गुडघ्यासारखं, आणि म्हणून झिजणारं.

(सगळ्या दर्शनांचं यावर एकमत आहे असं मात्र समजू नका. न्यायवाल्यांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या मते ज्ञान आणि आठवणींचे संस्कार आत्म्यातच राहतात. वेदान्त्यांना ते अजिबात मान्य नाही. हे भांडण शतकानुशतकं चाललं आणि मिटलेलं नाही. आपण वेदान्ताच्या बाजूनं पुढे जाऊ, कारण मामा त्याच पक्षाचे दिसतात.)

आता या हिशेबाची दुसरी बाजू बघा. मामा ती सांगत नाहीत. आत्मा अमर असेल, पण त्याला तुमचं नाव कधीच ठाऊक नव्हतं. तुमच्या शाळेच्या फ्रॉकला हातशिलाई घालणारी, वहीत लाल शाईनं ‘अक्षर सुधार’ लिहिणारी, आमटी पुन्हा वाढू का म्हणून तीनदा विचारणारी जी बाई, ती सगळी चित्त, बुद्धी आणि अहंकार यांची बाई होती. तुम्ही रडता ते तिच्यासाठी. आणि ती अमर आहे असं कुठल्याही उपनिषदानं म्हटलेलं नाही.

बृहदारण्यक उपनिषदात हा प्रसंग आहे, आणि तिथेही प्रश्न एका बाईनंच विचारला आहे. याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघाले, संपत्तीची वाटणी करायला बसले. त्यांच्या बायकोला, मैत्रेयीला, वाटणी नको होती, तिला ज्ञान हवं होतं. बोलता बोलता त्यांनी मिठाच्या खड्याचा दाखला दिला. खडा पाण्यात टाकला की विरघळतो, वेगळा काढता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखा, खारटच. तसं हे आत्मतत्त्व. आणि मग म्हणाले, इथून गेल्यावर, म्हणजे मेल्यावर, संज्ञा, म्हणजे ‘मी अमुक’ ही जाणीव, राहत नाही. मैत्रेयीनं मान डोलावली नाही. ती म्हणाली, ‘भगवन्, इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत.’ आत्म्याला ज्ञानस्वरूप म्हणता, अनंत म्हणता, आणि संज्ञा उरत नाही म्हणता, हे कसं? पुढे त्यांनी समजावलं की ‘दुसरा’ म्हणून कुणी असतो तोवर पाहणं, ऐकणं, ओळखणं. दुसरेपणच गेलं तर कोण कोणाला ओळखणार? वर्गात हा भाग शिकवताना मला दर वर्षी वाटायचं की मैत्रेयीचं समाधान झालं का, हे ग्रंथानं नीट सांगायला हवं होतं. असो. मुद्दा एवढाच की तुम्हाला जे खुपतं आहे ते मैत्रेयीलाही खुपलं होतं, आणि तिला कुणी ‘रडायचं कशाला’ म्हटलं नाही.

आता काकू. त्यांचा हेतू वाईट नाही, पण हे बोलणं मला मामांच्या बोलण्यापेक्षा धोक्याचं वाटतं. विसरणं म्हणजे मुक्ती नव्हे. हा निकालही आपल्याकडे कधीच लागलेला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन प्रजापतीकडे ‘खरा मी’ शोधायला जातात, ३२ वर्षं राहतात. प्रजापती त्यांना पाण्यात दिसणारं रूप दाखवतात. विरोचन खूश होऊन परत जातो, देह म्हणजेच मी असं असुरांना शिकवायला. इंद्राला वाटेतच शंका येते. हा देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा? तो हातात समिधा घेऊन परत. आणखी ३२ वर्षं. या खेपेला उत्तर मिळतं, स्वप्नात हिंडतो तो. पण स्वप्नात भीती असते, रडू असतं. पुन्हा परत, पुन्हा ३२. मग उत्तर येतं की गाढ झोपेत, जिथे स्वप्नही नाही, अगदी शांत, तो आत्मा.

तुमच्या काकू इथेच थांबल्या असत्या. इंद्र थांबला नाही. तो म्हणाला, या अवस्थेत तर ‘हा मी आहे’ हेही त्याला कळत नाही, तो जणू नाशालाच पोचला. मला यात काही भलं दिसत नाही. आणि प्रजापती रागावले नाहीत. म्हणाले, खरं आहे तुझं, आणखी ५ वर्षं राहा. अशी १०१ वर्षं झाली. विस्मरणाला साक्षात्कार म्हणायला देवांचा राजाही तयार नव्हता. शिवाय साधी गोष्ट बघा. जनक राजाला शेवटी याज्ञवल्क्य काय म्हणाले? ‘तू अभयाला पोचलास.’ ज्ञानाची खूण निर्भयता. तुमची आई संध्याकाळी दाराशी थरथरत उभी राहते. ही ब्रह्मस्थिती नाही, हा आजार आहे. मेंदूत आठवणी साठवायला लागणारा भाग आधी झिजतो, म्हणून कालचं जातं आणि ५० वर्षांपूर्वीची अक्का राहते. काकूंचं ऐकून उद्या कुणी औषध बंद करेल, रात्री दार उघडं ठेवेल, म्हणून एवढं लिहिलं.

आता पंधरावा. अध्यायाचे श्लोक २०. त्यातला १५वा तुमच्या आईंनी निदान हजारदा म्हटला असेल : ‘सर्वस्य चाहं हृदि सन्निविष्टो मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च’. मी सगळ्यांच्या हृदयात बसलेलो आहे. माझ्यापासून आठवण, माझ्यापासून ज्ञान, आणि माझ्यापासूनच अपोहन. अपोहन म्हणजे दूर सारणं, नाहीसं होणं. आठवण देणारा तो आणि नेणाराही तो, असं देव स्वतः सांगतो, आणि तेही ‘च’ लावून, जाता जाता.

शंकराचार्यांनी या ओळीवर भाष्य करताना पुण्य करणाऱ्यांना स्मृती आणि ज्ञान, पाप करणाऱ्यांना त्यांचा लोप, अशी वाटणी केली आहे. तुमच्या नातेवाइकांचं मूळ हे. आचार्यांशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही, पण त्यांची अडचण मला दिसते. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याचं काढून घ्यायचं, तर ईश्वरावर पक्षपाताचा ठपका येतो. तो टाळायला मध्ये कर्म आणावं लागतं. ही तर्काची सोय झाली. मूळ श्लोकात पुण्य हा शब्द नाही, पापही नाही. रुग्णाच्या खाटेशी ही सोय वापरणाऱ्यानं आधी स्वतःचा खिसा तपासावा, गेल्या वर्षी चश्मा कुठे कुठे विसरला ते.

मला याच श्लोकावर ज्ञानोबा जवळचे वाटतात. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ही ओवी आहे : ‘एऱ्हवीं सर्वांच्या हृदयदेशीं । मी अमुका आहें ऐसी । जे बुद्धि स्फुरे अहर्निशीं । ते वस्तु गा मी ॥’ सगळ्यांच्या हृदयात रात्रंदिवस ‘मी अमुक आहे’ असं जे स्फुरत असतं, ते मी, असं देव म्हणतो. हे वाचलं की मला तुमच्यासारख्या घरांतली माणसं आठवतात. ‘मी अमुका आहे’ यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटून आहेत. ‘अमुका’ हा भाग म्हणजे नाव, गाव, शाळा, मुलं, अक्कांचं मरण. तुमच्या आईंचा ‘अमुका’ गळतो आहे, बराचसा गळला. ‘मी आहे’ गळलेलं नाही.

पुरावा हवा? तुमच्याच पत्रात आहे. ‘मला घरी सोडा.’ घर कुठलं ते त्यांना सांगता येणार नाही, कदाचित साताऱ्याकडचं, कदाचित कुठलंच नाही. पण ‘मला’ अजून शाबूत आहे. घाबरायला कुणीतरी असावं लागतं. चहा गोड लागायला कुणीतरी असावं लागतं. तुम्ही कोणाचं करता, तर या ‘मला’चं. हे थोडं नाही, आणि तो नुसता देहही नाही.

(संतांनी पंढरीला माहेर म्हटलं, म्हणून आईंच्या ‘घरी सोडा’चाही कुणी अभंग करील. करू देऊ नका. दिवस मावळताना सावल्या लांबतात, माणूस दमलेलं असतं, खोली अनोळखी वाटू लागते. या आजारात संध्याकाळी असं होणं अगदी नेहमीचं.)

आणि तुमची लाज. विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तावरच्या ग्रंथात ‘नाटकदीप’ नावाचं एक प्रकरण आहे. नृत्यशाळेत दिवा लावलेला आहे. तो मालकावरही उजेड पाडतो, प्रेक्षकांवरही आणि नाचणारीवरही, सारखाच. आणि सगळे उठून गेले तरी तो जळतच असतो. मालक म्हणजे अहंकार, प्रेक्षक म्हणजे विषय, इंद्रियांना जाणवणाऱ्या वस्तू, नाचणारी बुद्धी, आणि दिवा म्हणजे साक्षी, नुसता पाहणारा आत्मा. फार सुंदर दृष्टांत आहे, मी अनेक वर्षं शिकवला. पण सासूबाई आजारी पडल्यावर एके रात्री कळलं की माझं प्रेम दिव्यावर नव्हतंच, नाचणारीवर होतं. दिवा आहे, हे खरं. खेळ संपला, हेही खरं. पहिलं खरं आहे म्हणून दुसऱ्याचं रडू येऊ नये, असं विद्यारण्यांनीही म्हटलेलं नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर रडायला १३ दिवस राखून ठेवलेत, येणारे-जाणारे, पिठलं-भात, सगळं ठरलेलं. समोर बसलेलं माणूस थोडं थोडं जात असतं, त्याचा मात्र एकही विधी नाही. ‘आई गेलीच’ असं वाटतं तेव्हा तुम्ही त्या आठवणीतल्या आईचं सुतक एकटीनं पाळत असता. त्यात लाज कसली? रडा. न्हाणीघरात नळ सोडून रडू नका, बाहेर बसून रडा. आई बघेल आणि कदाचित पदरानं तुमचे डोळे पुसेल, तुम्ही कोण हे माहीत नसताना.

आता सकाळचा प्रश्न. ‘मी कोण?’ हे विचारणं आजपासून बंद करा. भावालाही सांगा. ऋषी आयुष्यभर ज्या प्रश्नाशी झगडले तो तुम्ही त्या माउलीला चहाच्या कपाबरोबर रोज घालता, आणि तोही तिच्याविषयी नाही, तुमच्याविषयी. आमच्या घरी सासूबाईंच्या आजारपणात हेच व्हायचं. येणारा प्रत्येक जण खुर्ची ओढून पहिलं वाक्य बोलायचा, ‘मला ओळखलंत का?’ त्या माझ्याकडे बघायच्या, वर्गात उत्तर न येणारी मुलगी बघते तशा. आम्हाला कळायला दीड वर्ष लागलं. मग दाराशीच सांगायला लागलो, आल्या आल्या आपलं नाव सांगा आणि त्यांच्या शेजारी बसा, समोर नको. ‘आई, मी आले, चहा आणलाय’ एवढं पुरे. त्या ‘अक्का’ म्हणाल्या तर ‘ओ’ द्या. तुम्हाला वाटेल हे खोटं झालं. मला तसं वाटत नाही. थोरल्या बहिणीला बघून त्यांना जे बरं वाटतं ते खरं असतं, आणि अक्कांना जाऊन २० वर्षं झाली हे रोज नव्यानं सांगून त्यांना रोज नव्यानं रडवण्यात कसला सत्यधर्म?

संध्याकाळी अंधारायच्या आधीच घरातले दिवे लावा, सगळे. वीजबिल वाढेल, वाढू द्या. ‘घरी सोडा’ म्हणाल्या तर ‘हेच तुझं घर’ असा वाद घालू नका. ‘जाऊ, आधी हात-पाय धू, देवापाशी दिवा लावू’ म्हणा. भूक, लघवी, काही दुखतंय का, हे आधी बघा. अचानक एक-दोन दिवसांत फारच बिघडल्या तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना फोन करा. म्हाताऱ्या माणसात साध्या लघवीच्या संसर्गानंही असं होतं, आणि ते बरं होतं.

आणखी एक करून बघा. कापूस द्या हातात. आमच्या सासूबाईंना शेवटी शेवटी स्वतःचं नाव आठवत नव्हतं, पण फुलवाती अशा वळायच्या की एक टोक जाड नाही, एक बारीक नाही. हातांची आठवण निराळ्या कप्प्यात असते, ती उशिरा जाते. पाठांतराचं आणि गाण्याचंही तसंच. म्हणूनच ताट आलं की ओठ हलतात. सासूबाईंच्या वाती पुढे कितीतरी दिवस मला पुरल्या. शेवटची पुडी मी अजून उघडलेली नाही, ती देवघराच्या खणात आहे.

तुम्ही पत्रात स्वतःविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही. रात्री झोप होते का, शेवटचं बाहेर कधी गेलात, काही नाही. भावानं रविवारी फोनवर तोंड दाखवणं पुरेसं नाही. त्यांना सांगा, महिन्यातून एक शनिवार-रविवार येऊन राहा, आणि त्या दोन दिवसांत तुम्ही घराबाहेर पडा. स्पष्ट सांगा, सूचक बोलू नका, सूचक बोललेलं भावांना कळत नाही. दिवसभरासाठी बाई ठेवायची किंवा अशा रुग्णांना सांभाळणारं दिवसाचं केंद्र जवळ असेल तर तिथे पाठवायचं, याला आईला टाकणं म्हणत नाहीत. मामांनी त्यावर आत्म्याचं काही काढलं, तर एक आठवडा येऊन राहायला सांगा. आग्रहानं.

राहिला तुमचा ताजा कलम. पंधरावा पाठ नाही म्हणता. छोटं गीतेचं पुस्तक मिळतं, ते ताटाशेजारी ठेवा. वाढून झालं की ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’ एवढं मोठ्यानं म्हणा आणि थांबा. त्या उचलतील. नाही उचललं तर पुढची ओळ म्हणा. उच्चार चुकतील तुमचे, चुकू देत. आयुष्यभर त्यांनी चौथी-पाचवीच्या मुलांच्या कविता ऐकल्यात, कुठेतरी त्या तुम्हाला थांबवून दुरुस्त करतील. तसं झालं तर मला कळवा, कुठल्या श्लोकावर ते.